सोनी म्युझिकच्या लेगसी विभागास खुले पत्र: डिलनच्या टेपांसाठी २०३८ पर्यंत थांबू नका

सोनी म्युझिकच्या लेगसी विभागातील संबंधितांस,

स. न. वि. वि.

अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क आता तुमच्याकडे आहेत. १९६२ मध्ये आलेला त्याचा पहिला अल्बम कोलंबियाचा, म्हणजे तुमच्या घरचाच. बाकीचा व्यवहार तुम्ही २०२१ मध्ये केलात आणि जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलात. म्हणून हे पत्र त्याला नाही, तुम्हाला. त्याच्यापर्यंत निरोप पोचवणं किती अवघड असतं ते २०१६ च्या ऑक्टोबरात नोबेल देणाऱ्या स्वीडिश अकादमीने अनुभवलंच आहे.

पत्र मराठीत आहे. तुमच्या मुंबईच्या कचेरीत ते वाचून सांगणारं कोणीतरी असेलच. नसलं तर ज्यांना बरोबर घेऊन मी हे लिहितोय, ती इथली चार वेडी माणसं तरी वाचतील.

मी डिलनच्या कार्यक्रमांची बुटलेग, म्हणजे परवानगीविना केलेली, रेकॉर्डिंग्ज जमवतो. ऐकतो, तारखा पडताळतो, मागेल त्याला प्रत करून देतो. विकत नाही. माझं मागणं थोडक्यात असं: १९८८ नंतरच्या कार्यक्रमांकडे वळा, आणि वळाल तेव्हा श्रोत्यांनी सभागृहात बसून केलेल्या टेपा कचरा म्हणून बाजूला सारू नका. का, ते सांगतो.

१९८८ हे साल आठवा. त्या वर्षी जानेवारीत सोनीने कोलंबियाची मालक सीबीएस रेकॉर्ड्स ताब्यात घेतली आणि डिलन तुमचा झाला. त्याच वर्षी ७ जूनला कॅलिफोर्नियात कॉन्कॉर्ड इथे त्याने मोजके वादक घेऊन नवा दौरा सुरू केला. तो दौरा संपलाच नाही. लोकांनी त्याला नाव दिलं ‘नेव्हर एंडिंग टूर’. वर्षाला शंभराच्या आसपास कार्यक्रम करत करत २०१९ मध्ये तीन हजारांचा आकडा पार झाला. कोविडने मध्ये खंड पाडला, तर नोव्हेंबर २०२१ मध्ये मिलवॉकीपासून गडी पुन्हा रस्त्यावर, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. यातला बहुतेक प्रत्येक कार्यक्रम सभागृहातल्या कोणीतरी चोरून रेकॉर्ड केलेला आहे.

आणि कशावर केला? तुमच्याच यंत्रांवर. आधी सोनीचा डब्ल्यूएम-डी६सी, ज्याला सगळे ‘प्रो वॉकमन’ म्हणत. मग डॅट, म्हणजे छोटी डिजिटल टेप, आलं, त्यातही सोनी पुढे. टीसीडी-डी७ आणि डी८ ही छोटी यंत्रं कोटाच्या आतल्या खिशात जाऊन बसली. मग मिनीडिस्क, तीही तुमचीच. गाणारा तुमचा, यंत्र तुमचं, पुष्कळदा कोरी टेपसुद्धा तुमची. त्या रात्री टाळी न वाजवता, मान न हलवता, शेजाऱ्याला खुणेने ‘हळू’ म्हणत दोन तास काढणारा माणूस तेवढा तुमचा नव्हता.

आता तुमच्याकडून काय निघालं ते पाहू. १९६६ च्या दौऱ्याची ३६ सीडींची पेटी २०१६ मध्ये. १९७९ ते ८१ या ख्रिस्ती भक्तिगीतांच्या काळाची २०१७ मध्ये. १९७५ च्या रोलिंग थंडर दौऱ्याची १४ सीडींची २०१९ मध्ये. द बँडबरोबरच्या १९७४ च्या दौऱ्याची २७ सीडींची २०२४ मध्ये. या सगळ्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे, खिशाचं जे व्हायचं ते झालं तरी. पण ही रांग १९८८ च्या उंबऱ्याशी येऊन थबकते. १९९७ च्या अल्बमवर २०२३ मध्ये पेटी काढलीत त्यात १९९८ ते २००१ दरम्यानच्या कार्यक्रमांतली गाणी एका सीडीवर घातलीत. ती ऐकून भूक चाळवली इतकंच. तीन हजार रात्री, आणि त्यांच्यासाठी एक सीडी आणि इकडेतिकडे विखुरलेली काही गाणी.

एकाच माणसाचे एवढे कार्यक्रम कशाला ऐकायचे, असं मला घरी विचारलं जातं. आमच्याकडे यमन दुसऱ्यांदा ऐकायला बसणाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. डिलन गाणं तसंच्या तसं परत गात नाही. चाल बदलतो, लय बदलतो, कडवी गाळतो, नवी घालतो. सुरुवातीच्या ओळी होऊन गेल्या तरी गाणं कोणतं ते श्रोत्यांना कळत नाही आणि मग अचानक सगळीकडून हुंकार येतो. तो हुंकार टेपवर ऐकायला मिळणं हा या छंदातला एक खास आनंद आहे. साउंडबोर्डच्या स्वच्छ रेकॉर्डिंगमध्ये तो पुसट होतो, कारण तिथे वायर थेट मिक्सरमधून येते आणि श्रोते दुसऱ्या खोलीत असल्यासारखे वाटतात.

काही रात्रींची नावंच घेतो, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे पटेल.

१२ जानेवारी १९९०, न्यू हेवन, टोड्स प्लेस. छोटासा क्लब. नव्या वर्षाच्या दौऱ्याआधीची तालीम म्हणावी, तर ती तिकीट लावून केलेली. चार भागांत पन्नास गाणी, मध्यरात्र कधीच उलटून गेलेली. श्रोते ओरडून फर्माइशी करतायत आणि डिलन, जो फर्माइशीला सहसा भीक घालत नाही, त्या पुऱ्या करतोय. मध्येच स्प्रिंगस्टीनचं ‘डान्सिंग इन द डार्क’ सुरू करतो आणि त्यात धडपडतो. ही रात्र आज जगाला माहीत आहे ती तिथे बसलेल्या माणसाच्या टेपमुळे. टेपवर ग्लासांचा आवाज आहे, एक बाई कोणाशी तरी सतत बोलते आहे, आणि तरीही ते रेकॉर्डिंग मला तुमच्या कित्येक चकचकीत सीडींपेक्षा प्यारं आहे.

११ मार्च १९९५, प्राग. अंगात ताप. त्यामुळे गिटार बाजूला ठेवून तो बराचसा कार्यक्रम नुसता उभा राहून, हातात माउथऑर्गन घेऊन गायला. गिटारचा आडोसा गेल्यावर त्याचा आवाज किती वेगळा लागतो! प्रत्येक शब्द जणू नुकताच सुचल्यासारखा. पुढे काही वर्षं आमच्या मंडळींत दुसऱ्या कोणत्याही रात्रीचं मोजमाप प्रागशी ताडून व्हायचं.

नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्क, सपर क्लब. दोन दिवसांत चार कार्यक्रम, जवळजवळ सगळी वाद्यं अकूस्टिक. हे तर व्यावसायिक दर्जाने रेकॉर्ड झालेले आहेत. त्यातलं एक गाणं तुम्ही २००८ मध्ये तुमच्या ‘बुटलेग सिरीज’ या मालिकेच्या आठव्या भागात दिलंत. बाकीचे कार्यक्रम आम्ही बुटलेगवरच ऐकतो. आमच्यात दहा जणांना विचाराल तर आठ जण तरी सांगतील की आधी हे काढा.

आणि जून १९९१, श्टुटगार्ट. ही त्याच्या सगळ्यात वाईट रात्रींपैकी एक समजली जाते. वादकांना गाणं कोणतं ते उमगत नाही, त्याला स्वतःला उमगलंय की नाही याची शंका येते. ही टेपही मला हवी, आणि तुमच्या पेटीतही हवी. १९९१ ऐकल्याशिवाय १९९३ आणि १९९५ म्हणजे काय हे समजत नाही. कंपनी निवडते तेव्हा उत्तम तेवढंच निवडते. ते साहजिक आहे, तुम्हाला माल विकायचा असतो. निवड न करता सगळं ठेवणारे लोक मात्र दुसरीकडे असतात.

डिलन भारतात कधी गायला नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये चीनला आला, व्हिएतनामला हो ची मिन्ह शहरात गायला, हाँगकाँग आणि सिंगापूरला जाऊन आला. मुंबईच्या दिशेने विमान वळलं नाही. शिलाँगला लू मॅजॉ हा तिथला गायक १९७२ पासून दर २४ मे रोजी त्याचा वाढदिवस गाऊन साजरा करतो. आपल्या देशात डिलनचा जाहीर कार्यक्रम म्हणाल तर तोच. ठाण्यात किंवा पुण्यात राहून त्याचं गाणं ‘प्रत्यक्ष’ ऐकायचं तर टेपशिवाय मार्ग नव्हता. माझ्यासाठी त्या टेपा म्हणजे हॉलमधली खुर्ची होती. तुमची जी विक्री बुडाली असं तुम्ही धरता, ती इथे मुळात होणारच नव्हती.

हा व्यवहार चालायचा कसा, हे तुमच्यापैकी तरुणांना कदाचित ठाऊक नसेल. याद्या टपालाने यायच्या: तारीख, गाव, मिनिटं, दर्जा. दर्जा लिहिताना जो तो हात राखून लिही, कारण ‘उत्तम’ लिहून भिकार टेप पाठवणाऱ्याचं नाव महिन्याभरात तीन खंडांत होई. माझ्याकडचं एक तुला, तुझ्याकडचं एक मला. ज्याच्याकडे द्यायला काहीच नसे त्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा. वर एक पैसा घेतला तर तो माणूस वाळीत. कॅसेट शक्यतो टीडीके एसए किंवा मॅक्सेल एक्सएल-टू, नव्वद मिनिटांची. बाजू उलटायची वेळ हमखास सगळ्यात चांगल्या गाण्याच्या मध्यावर येई, आणि कित्येक गाणी मला अजूनही त्या तुटलेल्या जागेसकटच आठवतात. एखादी नवी टेप आली की तिचं ‘झाड’ करत: मास्टरवरून, म्हणजे मूळ टेपवरून, पाच जणांना, त्या पाचांनी पुढच्या पाचांना. आपण झाडाच्या कितव्या फांदीवर आहोत याला म्हणायचं ‘जनरेशन’. ठाण्याला पोचेपर्यंत तिसरी-चौथी उतरलेली असायची, आणि खरखर गाण्याच्या बरोबरीला आलेली असायची.

पुढे हे सगळं संगणकावर गेलं आणि शिस्त आणखी कडक झाली. एमपीथ्री चालत नाही. फाइल फ्लॅकमध्येच हवी, म्हणजे आवाजातलं काही न गाळणाऱ्या स्वरूपात. सोबत मजकुराची एक फाइल हवी, तिच्यात माइक कोणता, यंत्र कोणतं, कोणत्या रांगेत बसून, मास्टरपासून इथवर टेप कशीकशी आली, हे लिहिलेलं हवं. आणि मधल्यामध्ये कोणी एक सेकंदही बदललेला नाही हे ताडायला चेकसमचे आकडे. पुराभिलेखागारात जी काटेकोर नोंद ठेवतात तीच ही नोंद. फरक एवढाच की ती ठेवणारे दिवसभर बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करून रात्री हे करत होते.

त्यांची कारागिरी किती सूक्ष्म आहे याची एक गोष्ट सांगतो. जुन्या टेपांचा मोठा रोग म्हणजे वेग. बॅटरी उतरलेल्या यंत्रावर रेकॉर्ड केलेली टेप चांगल्या यंत्रावर लावली की गाणं भराभरा पळतं, आवाज बारीक होतो. खरा वेग कसा शोधायचा? गिटारवर भरवसा ठेवता येत नाही, ती कोणत्याही सुरात लावता येते. पण माउथऑर्गनचा सूर कारखान्यात ठरतो. तो कोणत्या पट्टीचा आहे हे गाण्यावरून कळलं की टेप किती सरकली आहे ते काढता येतं. माउथऑर्गन नसेल तर अँप्लिफायरमधून येणारी विजेची गुणगुण: युरोपात ती ५० हर्ट्‌झवर असते, अमेरिकेत ६० वर. गाणं थांबलेल्या क्षणी ती गुणगुण मोजायची आणि तिच्यावरून सबंध कार्यक्रम जागेवर आणायचा. हे काम कोणी कोणाला पगार देऊन करवून घेतलेलं नाही.

आणि याच मंडळींच्या कामावर तुमची मालिका उभी आहे. जुलै १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या दुकानांत कोऱ्या पांढऱ्या कव्हरात दोन तबकड्या आल्या. कंपनीचं नाव नाही, गायकाचं नाव नाही. आत १९६१ मध्ये मिनिआपोलिसमधल्या एका घरात गायलेली गाणी, स्टुडिओत बाजूला पडलेली गाणी, आणि १९६७ मध्ये वेस्ट सॉगर्टीजच्या तळघरात पुढे ‘द बँड’ झालेल्या मंडळींबरोबर केलेली काही. ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या नावाने ती ओळखली जाते. रॉक संगीतातलं बुटलेग तिथून सुरू झालं. तेव्हा अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कायद्याचं संरक्षणही नव्हतं. ते आलं १५ फेब्रुवारी १९७२ पासून. ती तळघरातली गाणी कोलंबियाने १९७५ मध्ये निवडून काढली, आणि सगळीच्या सगळी म्हणावीत अशी २०१४ मध्ये. १९९१ मध्ये मालिका सुरू केलीत तिला नावही ‘बुटलेग सिरीज’ असं आमच्याच गल्लीतलं दिलंत. आम्हाला त्याचा राग नाही. उलट त्या दिवशी थोडी कॉलर ताठ झाली होती.

मँचेस्टरचंच घ्या. १७ मे १९६६, फ्री ट्रेड हॉल. विजेची गिटार घेतली म्हणून श्रोत्यांतून कोणीतरी ‘जुडास’, म्हणजे विश्वासघातकी, अशी हाक मारतो. ही टेप वर्षानुवर्षं बुटलेगवर लंडनच्या ‘रॉयल अल्बर्ट हॉल’च्या नावाने खपत होती. ती लंडनची नाही, मँचेस्टरची आहे, हा छडा संग्राहकांनी लावला. तुम्ही १९९८ मध्ये ती काढलीत तेव्हा चुकीचं नाव अवतरणचिन्हांत ठेवलंत, ते मला फार आवडलं. खऱ्या अल्बर्ट हॉलचा कार्यक्रम यायला २०१६ उजाडावं लागलं.

म्हणजे तुम्हाला या टेपांची किंमत कळत नाही असं मी म्हणूच शकत नाही. १९६६ च्या पेटीत जिथे दुसरं काही मिळालं नाही तिथे तुम्ही श्रोत्यांच्या टेपाही घातल्यात. खरखर, घुमणारा आवाज, सगळं घातलंत, आणि लोकांनी विकत घेतलं. जे १९६६ ला चाललं ते १९९५ ला का चालू नये? नव्वदच्या दशकातल्या डॅट टेपा तर त्यांच्यापुढे आरशासारख्या लखलखीत आहेत.

यात एक कायद्याची मेख आहे, आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. युरोपीय संघाने २०११ मध्ये ध्वनिमुद्रणांचं संरक्षण ५० वरून ७० वर्षांवर नेलं, पण पन्नास वर्षांत प्रकाशितच न केलेल्या रेकॉर्डिंगला ती वाढ नाही. म्हणून डिसेंबर २०१२ मध्ये तुम्ही १९६२ च्या गाण्यांचा चार सीडींचा संच युरोपात गुपचूप काढलात, अवघ्या शंभरएक प्रती, आणि त्याच्या नावात चक्क ‘कॉपीराइट एक्स्टेन्शन कलेक्शन’ असं छापलंत. इतका प्रामाणिक अल्बम मी दुसरा पाहिलेला नाही. माँट्रियलच्या फिंजन क्लबमधलं जुलै १९६२ चं रेकॉर्डिंगही त्यात होतं, जे आमच्याकडे किती तरी आधीपासून फिरत होतं. पुढच्या वर्षी १९६३ चा संच, पुन्हा शंभर. त्याच्या पुढच्या वर्षी १९६४ चा, हजार.

या हिशेबाने १९८८ च्या कार्यक्रमांची घंटा वाजणार २०३८ च्या अखेरीस. तेव्हा पुन्हा शंभर प्रती काढून मोकळं व्हायचा बेत असेल तर तो आताच सोडून द्या, कारण तोवर टेपा राहणार नाहीत. १९८८ मध्ये तिशीत असलेला टेपर, म्हणजे सभागृहात बसून टेप करणारा, २०३८ मध्ये ऐंशीचा असेल. डॅटची यंत्रं बनवणं सोनीने २००५ मध्येच बंद केलं. जी चालू आहेत त्यांची हेड झिजली आहेत, सुटे भाग मिळत नाहीत. कॅसेट हळूहळू खराब होते, पण डॅटचं तसं नाही: एक दिवस ती वाजते, दुसऱ्या दिवशी नुसती किरकिर. घरच्या सीडी-आरही काही वर्षांनी वाचता येत नाहीत, ठाण्याच्या पावसाळ्यात तर नाहीच. आणि संग्राहक गेला की घरचे लोक आधी पुस्तकं काढतात, मग खोके. खोक्यावर ‘बर्लिन, जुलै’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते भंगारवाल्याकडे जायला वेळ लागत नाही. ब्रँडाइस विद्यापीठातला मे १९६३ चा कार्यक्रम तुम्हाला मिळाला तो राल्फ ग्लीसन या समीक्षकाच्या घरच्या तळघरात पडून होता म्हणून, आणि पडून होता ते कोणी बाहेर फेकला नाही म्हणून. इतक्या नशिबावर तीन हजार रात्री सोडायच्या?

दुसरी बाजूही मांडतो. खुद्द डिलनला बुटलेग आवडत नाही. १९८५ च्या ‘बायोग्राफ’ या संचासोबतच्या मुलाखतीत त्याने चीड बोलून दाखवली होती: खोलीत एकटं बसून, कोणी ऐकत नाही असं समजून वाजवलेलं काहीतरी उद्या तबकडीवर दिसतं, वर त्याला महाग किंमत लावलेली. यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बंद खोलीतलं गाणं चोरणं ही वाईट गोष्ट आहे, आणि असली काही रेकॉर्डिंग्ज मी मुद्दाम घेतलेली नाहीत. पण तिकीट लावून, दिवे लावून, दोन हजार लोकांसमोर जे गायलं ते त्या दोन हजारांच्या डोक्यात उरतंच. टेप तेवढंच करते, फक्त जास्त विश्वासाने.

सध्याच्या दौऱ्यात फोन दाराशी पिशवीत कुलूपबंद करतात. या पिशव्यांच्या मी बाजूचा आहे. समोर चमकणारे पडदे धरून कार्यक्रम बघणाऱ्यांनी बुटलेगचं काही भलं केलेलं नाही. पण गंमत बघा, पिशव्या आल्या तरी कार्यक्रमानंतर काही दिवसांत नीट रेकॉर्डिंग आमच्यापर्यंत येतंच. टेपरचं काम कधी फोनवर अवलंबून नव्हतंच.

आमच्यातही दोष आहेत. टेप दाबून बसणारे लोक आहेत. ‘माझ्याकडे आहे’ एवढं कानोकानी कळवायचं आणि मरेपर्यंत कोणाला ऐकवायचं नाही. आमच्या मराठी मुलखात खाजगी मैफलींच्या टेपांचं हेच होत आलंय: कोणाकडे तरी कुमारजींची, मन्सूरांची एखादी रात्र स्पूलवर असते, ती फक्त निवडक चार जणांना चहासोबत मिळते, आणि माणूस गेल्यावर स्पूलला बुरशी. असा माणूस संगीतावर प्रेम करतो की स्वतःच्या कपाटावर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही दार उघडलंत तर निदान अशांची सबब तरी संपेल. कायद्याच्या भीतीने दिली नाही, असं म्हणता येणार नाही.

मग विकणारे. नव्वदच्या दशकात इटलीतून, जर्मनीतून कायद्याच्या फटींतून बुटलेग सीडींचा पूर आला. आम्ही एकमेकांना फुकट दिलेल्या टेपा त्यांनी चकचकीत कव्हरात घालून महागात विकल्या. आज ‘रेडिओ प्रक्षेपण’ म्हणून युरोपात निघणाऱ्या तबकड्यांचं तेच. त्यांच्यामागे खुशाल वकील लावा, मला आनंदच होईल. पण विकणारा आणि वाटणारा हे एका तागडीत तोलू नका. अमेरिकेच्या १९९४ च्या बुटलेगविरोधी कायद्यातली फौजदारी तरतूदसुद्धा धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेल्या कृत्यापुरतीच आहे. ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडने तर ऑक्टोबर १९८४ मध्ये टेपरांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. त्या बँडचं कोणी दिवाळं काढलं नाही, उलट जुन्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज आजही खपतात. तुम्ही एवढं करा असं मी म्हणत नाही. डिलन ते मान्य करणार नाही. पण जो कार्यक्रम तुम्ही काढलेला नाही त्याची टेप विनामोबदला देण्याघेण्याला आमची हरकत नाही, एवढं एका कागदावर लिहून टाकायला काय लागतं? काढलात की आम्ही आमची प्रत फिरवणं बंद करू. ही प्रथा आमच्यात तशीही आहे: अधिकृत निघालं की बुटलेग यादीतून उतरतं.

त्यानंतर टेपा गोळा करायला लागा. अमेरिकेत तुळसा शहरात असलेल्या बॉब डिलन सेंटरला सोबत घ्या. २०२२ मध्ये उघडलेली ती जागा याच कामासाठी आहे असं आम्ही धरून चाललोय. माणसं नेमा, चालू डॅट यंत्रं शोधून ठेवा, मूळ टेप मागवा, प्रत करून परत पाठवा. ज्याला नाव द्यायचं असेल त्याचं नाव छापा, ज्याला लपून राहायचं असेल त्याला लपू द्या. आयुष्यभर कोटात माइक लपवलेल्या माणसाला उजेडाची सवय नसते. सगळ्या रात्रींच्या पेट्या काढा असं नाही. तीन हजार कार्यक्रम विकत घेऊन ऐकणारा माणूस वेडाच असेल, आणि तसा मी एकटाच नाही, पण तुमचा धंदा आमच्यावर चालणार नाही हे मला कळतं. वर्षाला एक कार्यक्रम काढा, डाउनलोड म्हणून काढा, कव्हर साधं पांढरं ठेवा. सुरुवात सपर क्लबपासून करायची की टोड्स प्लेसपासून यावर आमच्यात भांडणं होतील, ती आमची आम्ही निस्तरू. माझं मत प्रागला.

प्रागच्या रात्रीची एक कमी जनरेशनची डॅट माझ्याकडे आहे, माहितीच्या कागदासह, आणि ती वाजवणारं यंत्र अजून चालू आहे. कोणाच्या नावे पाठवायची तेवढं कळवा. टपालखर्च मी करतो.

कळावे,
आपला,
ठाण्यातला एक संग्राहक